सत्तरची होडी, एकशे पंधराचं इंजिन

मे महिना लागला की आमच्याकडे, म्हणजे अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, घरोघरी गॅरेजची दारं उघडतात आणि सहा महिने ताडपत्रीखाली झोपलेल्या बोटी बाहेर येतात. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असं लिहिलेलं असतं, पण ते कमीच सांगितलंय. दहा एकर आणि त्याहून मोठी तळी मोजली तर आकडा ११,८४२ वर जातो. अशा राज्यात दहा वर्षं काढलेली, त्यात माणूस मूळचा मालवणचा, म्हटल्यावर 'आपलीही एक होडी असावी' हा किडा डोक्यात वळवळणारच. माझ्या डोक्यात तो गेल्या वर्षी वळवळला.

एका जाहिरातीत मला ती दिसली. पंधरा फुटांची, फायबरग्लासची, लाल-पांढरी, टोकदार नाळेची. पुढे दोन बकेट सीट, मागे एक आखूड बाक. इथे अशा छोट्या होडीला परफॉर्मन्स बोट म्हणतात. मासे धरायला किंवा सामान वाहायला तिचा उपयोग नाही, तिचं काम एकच, पाण्यावर सुसाट पळायचं. आणि पाठीमागे जवळजवळ नवं दिसणारं ११५ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागच्या उभ्या फळीवर बाहेरून अडकवलेलं इंजिन. त्या फळीला ट्रान्सम म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे बराच लागणार आहे.

विकणारा गृहस्थ म्हणाला, "मूळचं इंजिन मरतुकडं होतं. हे बसवल्यापासून उडते नुसती!" मी ट्रेलरसकट साडेसहा हजार डॉलर मोजले आणि घरी आलो. बायकोने एकच प्रश्न विचारला, "मूळचं इंजिन किती हॉर्सपॉवरचं होतं?" मी म्हटलं, "विचारलं नाही." ती काही बोलली नाही. आमच्या घरात हे बोलण्यापेक्षा वाईट असतं.

पहिली फेरी

पहिल्या शनिवारी ऑफिसमधल्या एका मित्राला घेऊन निघालो. बायको आणि सहा वर्षांचा मुलगा धक्क्यावर उभे. "एक राउंड मारून येतो, मग तुम्हाला नेतो," असं सांगून गेलो, आणि तसं सांगितलं हे किती बरं झालं ते दहा मिनिटांत कळलं.

थ्रॉटल पुढे ढकलल्यावर नाळ वर उचलली गेली, मग होडी पाण्यावर 'प्लेन' झाली, म्हणजे पाणी कापायचं सोडून पाण्याच्या पाठीवरून घसरू लागली. तीस मैल, चाळीस मैल. मित्र ओरडत होता, मीही ओरडत होतो. जीपीएसवर ताशी ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटर, दिसले आणि होडी डोलायला लागली. आधी थोडी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. मी स्टिअरिंगने सावरायला गेलो तर डोलणं वाढलं. घाबरून मी थ्रॉटल एकदम मागे खेचला. नाळ धपकन खाली बसली, होडी जागच्या जागी थांबल्यासारखी झाली आणि आमच्याच पाठीमागून येणारी आमचीच लाट ट्रान्समवरून आत आली. घोट्यापर्यंत पाणी. बर्फ वितळून जेमतेम महिना झालेला, पाणी असं गार की ओरडायलाही श्वास पुरेना.

आम्ही बुडलो नाही. पंप चालू होता, तळं शांत होतं, लाइफ जॅकेट अंगात होती. पण इंजिन बंद करणाऱ्या स्विचची दोरी माझ्या मनगटाला नव्हती, स्टिअरिंगजवळच्या हुकावर लोंबकळत होती. मी बाहेर फेकला गेलो असतो तर होडी चालूच राहिली असती. चालक नसलेली होडी बहुधा सरळ जात नाही. प्रोपेलरच्या ओढीने सुकाणू एका बाजूला वळतं आणि ती गोल गोल फिरत पुन्हा पाण्यातल्या माणसाच्याच अंगावर येते.

हळूहळू परत आलो. धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ गळ टाकून बसले होते. त्यांनी होडीच्या पाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "प्लेटवर किती हॉर्सपॉवर लिहिलंय?"

"कुठली प्लेट?" मी विचारलं.

गायब झालेली पाटी

अमेरिकेत १९७१ साली बोटींच्या सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला आणि त्याखाली नोव्हेंबर १९७२ पासून वीस फुटांहून लहान, एका काठीच्या म्हणजे एकाच तळाच्या मोटरबोटींवर कपॅसिटी प्लेट लावणं उत्पादकाला बंधनकारक झालं. शिडाच्या होड्या, कनू, कयाक आणि हवा भरायच्या होड्या यातून वगळल्या आहेत. आउटबोर्ड होडीच्या त्या छोट्याशा पाटीवर तीन गोष्टी असतात: किती माणसं, माणसं-इंजिन-सामान मिळून एकूण किती वजन, आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवरचं इंजिन.

माझ्या होडीत ती पाटी असायला हवी होती. स्टिअरिंगच्या डाव्या हाताला एक चकचकीत नवा स्टिकर होता. तो सोलला, तर खाली रिव्हेटची चार भोकं आणि एक फिकट चौकोन. पाटी कोणीतरी काढली होती. कोणी आणि का, ते मला माहीत नाही आणि आता त्यात पडायचंही नाही. मी बघितली नव्हती, हे खरं.

प्रत्येक होडीला हल नंबर असतो, ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यात कोरलेली बारा अक्षरं आणि आकडे. शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. माझ्या होडीचे ८७. म्हणजे पाटीच्या नियमात नक्की बसणारी. पण बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. विचारणार कोणाला? मग मी जे पोटापाण्यासाठी करतो तेच केलं. स्पेसिफिकेशन शोधलं आणि वाचलं.

नियम काय सांगतो

हे सूत्र सरकारी नियमपुस्तकात सगळ्यांसाठी खुलं आहे आणि आश्चर्य वाटेल इतकं सोपं आहे. होडीची लांबी फुटांत आणि ट्रान्समची रुंदी फुटांत यांचा गुणाकार करायचा. हा झाला गुणांक. तो छोटा असेल तर थेट तक्त्यात बघायचं: ३५ पर्यंत ३ हॉर्सपॉवर, ३६ ते ३९ ला ५, ४० ते ४२ ला साडेसात, ४३ ते ४५ ला १०, ४६ ते ५२ ला १५. तळ सपाट आणि कडा धारदार असतील तर तक्त्यातली एक पायरी खाली.

गुणांक त्याहून मोठा असेल तर प्रश्न दोन. स्टिअरिंग व्हील आहे का? आणि ट्रान्समची उंची किमान २० इंच आहे का? दोन्ही उत्तरं 'हो' असतील तर गुणांकाची दुप्पट वजा ९०. एक जरी 'नाही' असेल तर गुणांक गुणिले ०.८ वजा २५. आणि त्यातही तळ सपाट असेल तर गुणांकाचं अर्धं वजा १५. उत्तर पाचच्या पटीत नसेल तर पुढच्या पटीपर्यंत वाढवायची मुभा.

मी टेप घेऊन गॅरेजमध्ये गेलो. लांबी १५ फूट. ट्रान्समची रुंदी ५ फूट ३ इंच, म्हणजे ५.२५. गुणांक ७८.७५. दुप्पट १५७.५, वजा ९०, उरले ६७.५. वाढवून ७०.

सत्तर! आणि पाठीमागे लटकत होते एकशे पंधरा.

ट्रान्समची उंची मी तीनदा मोजली. साडेवीस इंच. ती अठरा इंच असती तर याच होडीला ३८, म्हणजे ४० हॉर्सपॉवरच मिळाली असती. अडीच इंचांत तीस हॉर्सपॉवरचा फरक कशाला, असं आधी वाटलं. मग पायात शिरलेलं ते गार पाणी आठवलं. ट्रान्सम हीच मागच्या लाटेला अडवणारी भिंत. ती बुटकी असेल तर जड इंजिन लावणं म्हणजे धरणाची उंची कमी करून पाणी वाढवणं. स्टिअरिंग व्हीलचंही तसंच. दांडा धरून चालवणारा माणूस इंजिनाशेजारी, अगदी मागे बसतो. त्याचंही वजन तिथेच पडतं आणि इंजिनाची सगळी ओढ त्याच्या एका मनगटावर येते.

याच नियमात एक खास वाटही आहे, आणि ती खरं तर परफॉर्मन्स बोटींसाठीच आहे. होडी १३ फूट किंवा त्याहून लहान, स्टिअरिंग व्हील असलेली, दोनच माणसांची, आणि ट्रान्समच्या उंचीची अट पाळणारी असेल तर उत्पादक सूत्राऐवजी प्रत्यक्ष चाचणी घेऊ शकतो. ती चाचणी वाचताना माझ्या पोटात गोळा आला. होडी सरळ चालू असताना अर्ध्या सेकंदात स्टिअरिंग १८० अंश फिरवायचं आणि तसंच धरून ठेवायचं, थ्रॉटलला हात लावायचा नाही. होडीने चालकाचा ताबा न सुटता किमान ९० अंशांचं वळण पूर्ण केलं पाहिजे. मग वेग थोडा वाढवून पुन्हा तेच. जिथे जमत नाही तिथे थांबायचं. बारा फूट लांब आणि चार फूट रुंद ट्रान्समच्या होडीला तक्ता १५ हॉर्सपॉवर देतो. या परीक्षेत पास झाली तर जास्त मिळू शकतात, पण कितीही हुशार निघाली तरी ४० च्या वर नाही.

मी स्वतःला विचारलं, परवा ४८ मैलांच्या वेगात मी स्टिअरिंग अर्ध्या सेकंदात अर्धं फिरवलं असतं तर? समोर अचानक पोहणारा माणूस दिसला तर आपण दुसरं काय करतो?

जास्त घोडे, पण कितीसा वेग?

इथे माझ्यातला इंजिनीअर जागा झाला. ठीक आहे, नियम जुना आहे, सावध आहे. पण ४५ हॉर्सपॉवर जादा लावून नक्की मिळतं काय?

बोटी डिझाइन करणारे लोक वेगाच्या अंदाजासाठी क्राउचचं सूत्र वापरतात. एकूण वजन पौंडात, त्याला हॉर्सपॉवरने भागायचं, वर्गमूळ काढायचं आणि एका स्थिरांकाला त्याने भागायचं. साध्या होडीसाठी हा स्थिरांक १५० च्या आसपास, वेगवान छोट्या होडीसाठी १९० पर्यंत. माझी होडी, दोन माणसं, पेट्रोल, बॅटरी आणि ११५ चं इंजिन मिळून साधारण १,५८० पौंड. उत्तर आलं ताशी ५१ मैल. ७० चं हलकं इंजिन लावलं तर वजन १,४६५ आणि वेग साडेएक्केचाळीस.

म्हणजे ताकद चौसष्ट टक्क्यांनी वाढली आणि वेग वाढला तेवीस टक्क्यांच्या आसपास. कारण वर्गमूळ. ताकद चौपट करा तेव्हा वेग दुप्पट होणार.

पण गंमत पुढे आहे. धडक बसली तर जी ऊर्जा आपल्याला सोसावी लागते, ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग ताकदीच्या वर्गमूळाने वाढतो, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाने. वर्गमूळ आणि वर्ग एकमेकांना खाऊन टाकतात आणि हिशेब सरळ होतो: ताकद जितकी पट, धडकेची ऊर्जा तितकीच पट. चौसष्ट टक्के जादा हॉर्सपॉवर म्हणजे चौसष्ट टक्के जादा मार. वेगाच्या मजेत सूट मिळते, पण बिल पूर्ण भरावं लागतं.

दुसरी गोष्ट वजनाची. माझ्या होडीचा आराखडा झाला तेव्हा ७० चं टू-स्ट्रोक इंजिन साधारण ११५ किलोचं असायचं. आजचं ७० चं फोर-स्ट्रोकही साधारण तेवढंच असतं. पण माझ्या ११५ च्या फोर-स्ट्रोकचं वजन १६५ किलोच्या वर. ते पन्नास किलो होडीच्या मधोमध नाहीत, अगदी टोकाला, ट्रान्समच्याही बाहेर लटकलेले. सी-सॉच्या एका टोकाला मूल बसवल्यासारखे. शिवाय पाटीवर माणसं, इंजिन आणि सामान यांचं मिळून एकच वजन दिलेलं असतं. इंजिनाने पन्नास किलो जास्त खाल्ले तर तेवढी माणसं कमी बसवायची. मी मुलाला बसवणार होतो त्या जागेचं वजन इंजिनाने आधीच घेतलं होतं.

आणि ते डोलणं? त्याला इथे चाइन वॉकिंग म्हणतात. इंग्रजी व्हीसारख्या तळाची होडी जसजशी वेग घेते तसतशी पाण्याबाहेर येते आणि शेवटी तळाच्या मागच्या छोट्याशा भागावर तोल सांभाळत पळते. सुरीच्या पात्यावर उभं राहिल्यासारखं. जरा कलली की दुसरी बाजू तिला परत ढकलते. स्टिअरिंगची केबल जुनी आणि ढिली असेल तर चालकाचं सावरणं थोडं उशिरा पोहोचतं, आणि उशिरा पोहोचलेलं सावरणं हा पुढचा धक्काच ठरतो. सॉफ्टवेअरमध्ये उशिरा येणाऱ्या फीडबॅकने सिस्टीम कशी हेलकावे खाते ते मी रोज बघतो, पण हातात स्टिअरिंग असताना ते आठवलं नाही. अशा वेळी थ्रॉटल हळूहळू कमी करायचा. एकदम खेचायचा नाही, कारण मग तुमचीच लाट तुम्हाला गाठते.

एक रकाना

आता खरी परीक्षा. इन्शुरन्सचा फॉर्म भरत होतो. त्यात एक प्रश्न होता: इंजिनाची ताकद उत्पादकाने ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आहे का? हो किंवा नाही.

पाटी नव्हती. कंपनी नव्हती. 'नाही' वर टिचकी मारली असती तर कोणाला कळलं असतं? काही राज्यांत पाटीपेक्षा मोठं इंजिन लावून होडी चालवणं हा थेट गुन्हा आहे, काही राज्यांत तसा स्पष्ट कायदा नाही. इथल्या ओळखीच्या दोघा-तिघांनी सांगितलं, "अरे सगळेच करतात. फक्त पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही." हा सल्ला मला काही दिवस पटलाही. आपल्याला स्वतःवर विश्वास असतोच. पण थ्रॉटलजवळ नेहमी मीच असणार असं कुठे आहे? पाच-सहा वर्षांनी मुलगा असेल. त्याचा मित्र असेल. आणि पन्नास किलो जादा वजन तर थ्रॉटल शून्यावर असतानाही तिथेच असतं.

मी माउस धरून बसलो होतो. बायको मागून म्हणाली, "ऑफिसमध्ये लोड टेस्ट फेल झालेलं रिलीज तू प्रॉडक्शनला टाकशील?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग?" तीही सॉफ्टवेअरमध्येच आहे, त्यामुळे पळवाटा तिला माहीत असतात.

त्याच रविवारी मालवणला काकांना फोन केला. काकांनी तीस वर्षं समुद्रावर काढली, आधी वल्ह्याच्या उलांडीवाल्या होडीवर, मग छोटं आउटबोर्ड लावलेल्या फायबरच्या होडीवर. त्यांना मी सूत्र सांगितलं, गुणांक सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झिला, होडी बघून इंजिन लावूचा, इंजिन बघून होडी नाय." मग विचारलं, "पाठसून पाणी इला काय?" मी म्हटलं, "हो." "मगे इचारतंस कित्याक?"

मी फॉर्म तसाच बंद केला.

लहानही नको

तर मग सरळ ३० किंवा ४० चं छोटं इंजिन लावून टाकावं का? तेही बरोबर नाही. इंजिन फार लहान असेल तर भरलेली होडी प्लेनवर यायला खूप वेळ घेते किंवा येतच नाही. नाळ वर करून, समोरचं काही न दिसता, पाणी ढकलत राहते. इंजिन सतत पूर्ण ताकदीने राबतं आणि लवकर झिजतं. वादळ चढून आलं, काठावर पोहोचायचंय, आणि समोरून वारा असेल तर हाताशी शिल्लक काही उरत नाही. म्हणून अनुभवी लोक पाटीवरच्या आकड्याच्या साधारण ८० ते १०० टक्क्यांत राहा असं सांगतात. माझ्यासाठी ते ६० किंवा ७०. दोघांची वजनं जवळजवळ सारखीच, म्हणून ७० ठरवलं.

पण सूत्राचा आकडा म्हणजे कमाल मर्यादा, हमी नव्हे. सूत्राला तुमच्या होडीचं वय कळत नाही. त्या काळच्या बहुतेक फायबर होड्यांच्या ट्रान्सममध्ये आत प्लायवूड असतं, आणि बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपून ते आतल्या आत कुजतं. बाहेरून चकचकीत, आतून भुसा. मी लाकडी हातोडीने सगळीकडे ठोकून बघितलं. खणखणीत आवाज आला तर ठीक, दबका आला तर शंका. मग इंजिन थोडं वर उचलून खालच्या टोकावर जोर दिला आणि ट्रान्सम हलतो का ते पाहिलं. एका जुन्या भोकाभोवती आवाज दबका होता. तेवढा भाग कोरून, सुकवून, इपॉक्सीने भरून घेतला. सगळा ट्रान्समच कुजलेला निघाला असता तर सत्तरचं काय, सातचंही इंजिन लावण्यात अर्थ नव्हता.

११५ चं इंजिन सव्वीस फुटी मोठ्या पॉन्टून बोटीच्या मालकाने घेतलं, तिथे ते शोभतं. जुनं पण चांगलं ७० चं मिळालं. स्टिअरिंगची केबल नवी टाकली. सगळा हिशेब करून चौदाशे डॉलरचा फटका बसला. पाटी आधी बघितली असती तर तो वाचला असता. त्याला मी शिकवणीची फी म्हणतो. बायको त्याला वेगळं काही म्हणते.

पुन्हा पाण्यात

जुलैत पुन्हा तळ्यावर गेलो. १७ इंच पिचचा प्रोपेलर, म्हणजे घसरला नाही तर एका फेऱ्यात १७ इंच पुढे जाणारा. पूर्ण थ्रॉटलवर इंजिनाचे ६,००० फेरे. निर्मात्याची मर्यादा ५,३०० ते ६,३००, म्हणजे बरोबर मध्ये. हा आकडा जरूर बघावा. फेरे कमी पडले तर इंजिन दमतंय, जास्त झाले तर प्रोपेलर फार हलका आहे. जीपीएसवर ३८ मैल. क्राउचच्या अंदाजापेक्षा थोडे कमी, कारण होडी म्हातारी आहे आणि बहुधा मी मानली त्यापेक्षा जड. डोलणं नाही. वेगातून थांबल्यावर मागची लाट ट्रान्समला थापटून परत गेली, आत आली नाही. अर्ध्या सेकंदातलं वळण मी करून बघितलं नाही, ते तज्ज्ञांचं काम. पण वेग थोडा थोडा वाढवत वळणं घेतली, रिकाम्या पाण्यात, एकटा, दोरी मनगटाला अडकवून.

ही दोरी आता कायद्यानेही लागते. १ एप्रिल २०२१ पासून, २६ फुटांहून लहान होडीला असा स्विच असेल तर प्लेनवर चालवताना तो चालकाला जोडलेला असलाच पाहिजे. आणि मिनेसोटात होडी चालू असताना दहा वर्षांखालच्या मुलांच्या अंगात लाइफ जॅकेट लागतंच. मोठ्यांच्या अंगात का नसावं, हे मला कळत नाही. यूएस कोस्ट गार्डच्या अहवालानुसार २०२३ मध्ये अमेरिकेत बोटींच्या अपघातांत ५६४ माणसं गेली. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं त्यांतली ७५ टक्के बुडून. आणि बुडालेल्यांतल्या ८७ टक्के लोकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

परदेशात आपल्यातले बरेच जण आता होडी घेऊ लागले आहेत. तळ्याकाठी घर झालं की पुढची पायरी तीच. जुनी होडी घेणार असाल तर पैसे देण्याआधी पाच गोष्टी करा. पाटी शोधा, आणि नसेल तर का नाही ते विचारा. टेप घेऊन लांबी, ट्रान्समची रुंदी आणि उंची मोजा आणि सूत्रात घाला. लागलेल्या इंजिनाची ताकदच नाही, वजनही बघा. ट्रान्सम ठोकून बघा. आणि इन्शुरन्सवाल्यांना खरं सांगून काय म्हणतात ते ऐका. युरोपात असाल तर ताकद किलोवॅटमध्ये दिसेल, ७० हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ५२ किलोवॅट. आकडे बदलतात, पाणी तेच असतं.

ऑगस्टमध्ये मुलगा पहिल्यांदा होडीत बसला. केशरी जॅकेट, कानापर्यंत हसू. तीस मैलांवर त्याने ओरडून विचारलं, "बाबा, अजून फास्ट जाते?"

"थोडी जाते," मी म्हटलं. "पण आज एवढंच."

जिथून पाटी निघाली होती त्या फिकट चौकोनावर मी एक छोटी पट्टी चिकटवली आहे. सरकारी नाही, माझ्या लेबल मशीनवर छापलेली. कमाल ७०, इंग्रजीत आणि मराठीत. खाली गुणाकारही दिलाय, म्हणजे ही होडी कधी कोणी माझ्याकडून घेतली तर त्याला स्टिकर सोलून बघावं लागणार नाही.